ऑरेलियाच्या पोटाखाली

जुन्या इटालियन गाड्यांच्या बाजारात अधूनमधून एखादी लान्चा ऑरेलिया बी 20 विक्रीला येते. गाडी नव्यानं उभी केलेली असते. रंग करडा नाहीतर गडद निळा, त्यात समोरच्याचा चेहरा दिसेल इतकं पॉलिश, आत लोकरीच्या कापडानं मढवलेल्या सीट, आणि सोबत कामाच्या फोटोंचा जाडजूड अल्बम. छतापासून शेपटीपर्यंत एका दमात उतरत गेलेली ती रेषा पाहिली की माणूस हरखतो. मीही हरखतो. पण अशी गाडी खरंच घ्यायची असेल तर पहिल्या भेटीत वरून पाहू नये. अंगावर जुने कपडे घालावेत, हातात बॅटरी घ्यावी आणि सरळ गाडीखाली शिरावं. ऑरेलियाची खरी श्रीमंती तिथं आहे, आणि फसवणूक झाली असेल तर तीही तिथंच सापडते.

ही गाडी ज्या घराण्यात जन्मली त्या घराण्याचा स्वभाव आधी सांगायला हवा. विन्चेन्झो लान्चा स्वतः शर्यतीत गाड्या पळवणारा माणूस. 1906 मध्ये त्यानं ट्युरिनला कंपनी काढली. 1922 मध्ये त्याची लाम्ब्डा आली. त्या काळी गाडी म्हणजे लोखंडी शिडीसारखी चौकट आणि तिच्यावर ठेवलेला सांगाडा. लाम्ब्डामध्ये सांगाडा आणि चौकट एकच होती, आणि पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी न बांधता आपापल्या उभ्या दांड्यावर वरखाली सरकत. खड्डा डाव्या चाकाला लागला तर उजव्याला त्याची झळ नाही. ही सरकत्या दांड्याची रचना लान्चानं पुढे कित्येक वर्षं जपली, ऑरेलियातही तीच आहे. करायचं ते पुरतं विचार करून करायचं, आणि गिऱ्हाइकाला दिसो न दिसो, खर्चाला हात आखडायचा नाही, असा हा कारखाना होता.

विन्चेन्झो 1937 मध्ये वारला. पुढे कारभार मुलाकडे, जान्नीकडे आला. तांत्रिक बाजू विट्टोरियो यानोकडे होती, आणि त्याच्या हाताखाली फ्रान्चेस्को दे विर्जिलियो नावाचा तरुण इंजिनिअर होता. महायुद्ध चालू असताना या दे विर्जिलियोनं एक प्रश्न हातात घेतला: सहा सिलिंडरचं इंजिन इंग्रजी व्ही अक्षरासारखं, तीन इकडे तीन तिकडे, असं बसवता येईल का? सहा सिलिंडर एका ओळीत ठेवले तर इंजिन लांबलचक होतं आणि माणसांची जागा खातं. व्ही केला तर ते आखूड होतं, पण थरथर सुरू होते. त्यानं गणितं मांडली, वेगवेगळे कोन करून पाहिले आणि शेवटी 60 अंशांवर स्थिर झाला. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा एक स्फोट होतो. सहा सिलिंडरचे सहा स्फोट सारख्या अंतरानं व्हायचे तर दर 120 अंशांनी एक व्हायला हवा. त्यासाठी त्यानं प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतंत्र जागा दिली. हे इंजिन 1950 मध्ये ऑरेलिया बी 10 या चार दारांच्या गाडीत आलं. नियमित उत्पादनात उतरलेलं ते जगातलं पहिलं व्ही 6. आज कित्येक कंपन्यांच्या गाड्यांत व्ही 6 असतं, आणि चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना दे विर्जिलियोचं नाव माहीत असतं. मला ही गोष्ट बोचते.

आता पुन्हा गाडीखाली येऊ. पुढे इंजिन, मागची चाकं ओढणारी, इथवर सगळं नेहमीसारखं. पण इंजिनच्या पाठीला गिअरबॉक्स शोधायला जाल तर सापडणार नाही. क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे तिन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये मागच्या चाकांच्या मधोमध बसवलेले आहेत. मागचे ब्रेक ड्रमसुद्धा चाकांत नाहीत, ते आत, या हाउसिंगला लागून आहेत. त्यामुळे पुढचा बोजा हलका होतो, मागे वजन येतं आणि गाडी जमिनीवर समतोल बसते. ब्रेक आत घेतल्यानं चाकाबरोबर उड्या मारणारं वजनही कमी होतं.

याची किंमत मेकॅनिक मोजतो. साध्या गाडीत क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की प्रोपेलर शाफ्ट स्वस्थ असतो. ऑरेलियात दोन्ही मागे आहेत. इंजिन चालू झालं की शाफ्ट फिरायला लागतो, गाडी जागची हलो न हलो, आणि फिरतो तोही इंजिनच्याच वेगानं. शाफ्ट जरासा वाकडा असेल, जोडातलं रबर जुनं होऊन कडक झालं असेल किंवा बॅलन्सिंग घाईत उरकलं असेल, तर सगळी गाडी कुरकुरते. तसंच मागच्या हाउसिंगचं ऑइल सील गळायला लागलं की तेल थेट ब्रेकपर्यंत पोहोचू शकतं. रंगकाम करणारा कितीही मोठा कलावंत असला तरी यातलं काही त्याच्या हातात नसतं.

आणि पत्रा. बी 20 ची दोन दारांची घडण गिया या कारखान्यात फेलिचे मारिओ बोआनोच्या हाताखाली आकाराला आली असं मानतात. सुरुवातीच्या 98 गाड्यांचे सांगाडे विओत्तीनं बांधले, पुढचे पिनिन फारिनानं. या गाड्यांवर हातकामाचा भाग मोठा होता, त्यामुळे एका गाडीचा दरवाजा दुसरीला जसाच्या तसा बसेलच असं नाही. चौकट वेगळी नसल्यानं गाडीचा सगळा भार या पत्र्यावरच असतो. दाराखालचा पोकळ पट्टा आणि पायाखालची फरशी हीच तिची हाडं. तिथं गंज चढला की कमकुवतपणा थेट कण्यात उतरतो. चांगला डेंटर जुना पत्रा कापून नवा घालतो, वेल्डिंग आतून-बाहेरून साफ करतो, आणि दार उघडल्यावर सांगाडा खाली बसू नये म्हणून काम चालू असताना आतून आधार बांधून ठेवतो. वाईट कारागीर गंजावर पुट्टी थापतो आणि वरून रंग मारतो. दोन्ही गाड्या फोटोत सारख्याच दिसतात.

यावर जुनी युक्ती आहे. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही, आणि पोलादी पत्र्यावरून हलक्या हातानं फिरवत न्यायचं. चाकाच्या कमानीची कड, दाराचा खालचा काठ, दाराखालचा पट्टा. चांगल्या पत्र्यावर चुंबक हाताला ओढ देत चिकटतं. पुट्टीचा थर जाड असेल तिथं ती ओढ एकदम सुटते, पायरी चुकावी तशी. एवढ्या किमती गाडीपुढे गुडघे टेकून फडकं फिरवत बसायला संकोच वाटतो, पण विकणारा प्रामाणिक असेल तर तो स्वतःच तुम्हाला फडकं आणून देतो.

बी 20 चा जन्म 1951 चा. पहिल्या मालिकेत 1991 सीसीचं इंजिन आणि 75 अश्वशक्ती. आजच्या मानानं हे आकडे किरकोळ वाटतील. पण त्याच वर्षीच्या मिले मिलिया या शर्यतीचा निकाल पाहा. ब्रेशाहून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशा, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे 1600 किलोमीटर. त्या वर्षी पाऊस होता. लुइजी विल्लोरेझी 4.1 लिटरची फेरारी घेऊन पहिला आला. त्याच्यामागे सुमारे 20 मिनिटांनी दुसरा कोण, तर जोव्हान्नी ब्राक्को आणि उम्बेर्तो मालियोली, दोन लिटरच्या बी 20 मध्ये. अर्ध्याहूनही लहान इंजिन, डोक्यावर छप्पर, दोन माणसं आरामात बसलेली. तेरा तासांच्या ओल्या रस्त्यावर शक्तीपेक्षा पकड आणि तोल कामाला येतो, आणि तो तोल मघाच्या त्या मागच्या हाउसिंगमधून आला होता.

पुढच्या वर्षी सिसिलीच्या डोंगरातल्या टार्गा फ्लोरिओत पहिल्या तिन्ही जागा बी 20 नं घेतल्या, विजेता फेलिचे बोनेट्टो. 1954 च्या माँटे कार्लो रॅलीत लुई शिरों बी 20 घेऊन जिंकला, तेव्हा त्याचं वय 54 होतं. ‘ग्रान टुरिस्मो’, म्हणजे लांबचा प्रवास वेगानं आणि सुखानं करणारी गाडी, ही कल्पना लोकांच्या मनात रुजवली ती बी 20 नं, असं मी मानतो. शब्द तिच्या आधीपासून होता, पण त्याला पुरता अर्थ तिनं दिला.

1951 ते 1958 या काळात बी 20 च्या सहा मालिका निघाल्या, सगळ्या मिळून 3,871 गाड्या. घ्यायला निघालेल्यानं कोणती मालिका हे आधी ठरवावं, कारण स्वभाव फार बदलतो. पहिल्या दोन हलक्या आणि चपळ. तिसरीत 1953 साली इंजिन 2451 सीसी झालं आणि ताकद 118 अश्वशक्तीवर गेली, पण मागच्या सस्पेन्शनची जुनी रचना तशीच राहिली. वळणात कुणी अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर ती शेपूट फेकते. चौथीत 1954 साली मागची दोन्ही चाकं जोडणारी द दियाँ पद्धतीची नळी आली आणि हा धोका गेला. मला विचाराल तर चौथी. रोज चालवायची तर तीच. पाचवी आणि सहावी जास्त आरामशीर, पण वजनानंही जास्त. संग्राहक पहिल्या मालिकेच्या मागे लागतात, त्यांचं कारणही खरं आहे: मूळ विचार तिथं सगळ्यांत शुद्ध दिसतो.

लान्चाची आणखी एक सवय आपल्या माणसाला जवळची वाटेल. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे हवं. पण लान्चा कितीतरी वर्षं उजवीकडेच देत राहिली. डोंगरी घाटात रस्त्याची कड चालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी, हे त्यामागचं कारण सांगतात. बी 20 ला डावं स्टिअरिंग चौथ्या मालिकेपासून मिळू लागलं. शिवाय कारखान्यातून गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीच यायचा. मी गाडी शिकलो ती कुर्ल्याला बनलेल्या फियाटवर, तिचाही दांडा तिथंच. डाव्या हाताची ती ओळखीची हालचाल, पुढे ढकलून वर, जवळ ओढून खाली, ट्युरिनहून मुंबईला आलेली. पुष्कळ बी 20 मालकांनी मात्र त्या काळीच नार्दी कंपनीचं किट लावून दांडा खाली जमिनीवर घेतला. आता रिस्टोरेशन करताना वाद होतो: नार्दीचा दांडा ठेवायचा की मूळचा बसवायचा? मी म्हणेन, त्या काळी लावलेला असेल तर ठेवा. तोही गाडीच्या आयुष्याचा भाग आहे.

आणि इथंच कागदपत्रं येतात. इटलीत 1927 पासून गाड्यांच्या मालकीची सरकारी नोंदवही आहे. तिचा उतारा काढला की गाडी कोणाकडून कोणाकडे गेली ते क्रमानं कळतं. आपल्याकडचा सातबारा जसा जमिनीची कुंडली सांगतो तसाच हा प्रकार. इंजिनचा नंबर, सांगाड्याचा नंबर आणि हा उतारा एकमेकांशी बोलले पाहिजेत. दुसऱ्या ऑरेलियाचं इंजिन घातलं असेल तर गाडी वाईट ठरत नाही, पण किंमत उतरते, आणि विकणाऱ्यानं ते आधी सांगितलं पाहिजे. आजच्या मिले मिलियात 1927 ते 1957 या काळात मूळ शर्यतीत उतरलेल्या मॉडेलनाच प्रवेश मिळतो. बी 20 त्यात बसते, म्हणून तिच्या कागदांवर इतक्या नजरा असतात. टायरसुद्धा पाहावेत. चाकाचं माप इंचांत नाही, मिलिमीटरमध्ये आहे, 400. दुसरंच चाक बसवून काम भागवलेलं असेल तर बाकी कुठं कुठं भागवलंय तेही विचारावं.

या सगळ्या न दिसणाऱ्या खर्चानं कारखान्याला मात्र जगू दिलं नाही. जान्नीनं शर्यतीच्या गाड्यांवर पैसा ओतला. 1953 च्या नोव्हेंबरात बोनेट्टो मेक्सिकोतल्या शर्यतीत मरण पावला. 26 मे 1955 रोजी शर्यतपटू अल्बेर्तो आस्कारी मोन्झाला अपघातात मरण पावला. तो त्या दिवशी चालवत होता ती फेरारी होती, पण करारानं तो लान्चाचाच माणूस होता. त्याच उन्हाळ्यात लान्चाच्या शर्यतीच्या गाड्या फेरारीकडे सोपवल्या गेल्या, आणि पुढे कंपनी लान्चा कुटुंबाच्या हातून सुटून सिमेंटच्या धंद्यातल्या कार्लो पेसेंतींकडे गेली. 1969 मध्ये फियाटनं ती घेतली. बी 20 च्या शेवटच्या मालिका निघत होत्या तेव्हा तिला घडवणारं घर तिचं राहिलेलं नव्हतं. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, आणि तरीही जान्नीनं थोडा हात आखडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणवत नाही.

खालून पाहून झालं, चुंबक फिरवून झालं, कागद जुळले, की मग आत बसायचं. दार ओढून घ्या, फार जोर लावू नका. मांडीखालच्या लोकरीच्या कापडाला बोट लावा. किल्ली फिरवा. इंजिन पकडलं की आवाज घुमतो तो खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, दोन-चार मिनिटांत तेल गरम झालं की मऊ होणारा. गाडी हलवू नका. डावा तळवा दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर सपाट ठेवा. त्याच्याखाली तो शाफ्ट आत्ता फिरतोय. ॲक्सिलरेटर सावकाश दाबत न्या, सोडा, पुन्हा दाबा. कारागिरानं मन लावून काम केलं असेल तर हाताला फक्त एकसारखी ऊब आणि बारीक गुणगुण लागते. ती मध्येच कुठे थरथरली, तर तळवा तसाच ठेवून विकणाऱ्याला विचारा, शाफ्टचं बॅलन्सिंग कुठं केलं.