आधी स्वतःच्या संगणकावर, मग महाजालावर

एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सभासद नोंदणीची सोय आहे आणि अर्जात एक रकाना वाढवायचा आहे, असे समजू. हा बदल थेट चालू सर्व्हरवर केला आणि आज्ञावलीत एक अर्धविराम राहून गेला, तर त्या क्षणी अर्ज भरणाऱ्यापुढे कोरे पान येते. डेटाबेसला दिलेली आज्ञा चुकली, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. हा धोका टाळण्यासाठी संकेतस्थळाची चालती प्रतिकृती आधी स्वतःच्या संगणकावर उभारतात.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात : ब्राउझरची मागणी ऐकणारा वेब सर्व्हर, आज्ञावलीची भाषा आणि माहिती साठवणारा डेटाबेस. अपॅची, पीएचपी आणि मायएसक्यूएल हे यातील परिचित त्रिकूट. तिन्ही १९९५ मध्ये पुढे आली. 'झॅम्प' या मोफत संचात अपॅची, पीएचपी आणि मायएसक्यूएलपासून निघालेला मारियाडीबी एकत्र मिळतात. संच बसवून संकेतस्थळाच्या फाईल 'एचटीडॉक्स' या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, अपॅची व डेटाबेस सुरू करावेत आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' असे इंग्रजीत टाइप करावे. हे नाव १२७.०.०.१ या पत्त्याचे, म्हणजे 'हाच संगणक' असे सांगणारे. मागणी संगणकाबाहेर जात नसल्याने इंटरनेटचीही गरज पडत नाही. अपॅची सुरूच होत नसेल, तर ८० क्रमांकाचे पोर्ट बहुधा दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेले असते. अशा वेळी अपॅचीला ८०८० हे पोर्ट द्यावे आणि 'लोकलहोस्ट:८०८०' असा पत्ता लिहावा.

खरे काम यापुढे सुरू होते. ही प्रतिकृती सर्व्हरसारखीच हवी आणि तरीही त्याच्यापासून पूर्ण अलग हवी.

साम्य नसेल तर चाचणी फसवी ठरते. फाईलच्या नावातील इंग्रजी लहान-मोठी अक्षरे विंडोज एकच मानते, लिनक्स वेगळी. त्यामुळे घरी दिसणारे छायाचित्र लिनक्सच्या सर्व्हरवर नाहीसे होते. मराठी मजकुराचा प्रश्न याहून गंभीर आहे. मायएसक्यूएलच्या २०१८ मधील ८.० आवृत्तीपासून डेटाबेस मुळातच युनिकोड स्वीकारतो; त्याआधीच्या आवृत्त्यांत वेगळी सूचना दिली नाही, तर 'लॅटिन-१' हा पाश्चात्त्य अक्षरसंच लागू होई. संगणकावर नवी आवृत्ती आणि सर्व्हरवर अशी जुनी असेल, तर घरी नीट उमटलेले सभासदाचे नाव तिथे नाकारले जाते किंवा प्रश्नचिन्हांच्या रूपात साठते. अशी साठलेली प्रश्नचिन्हे पुन्हा अक्षरांत बदलता येत नाहीत. म्हणून आवृत्त्या आणि अक्षरसंच आधीच जुळवून घ्यावेत. २०१३ मध्ये खुला झालेला 'डॉकर' हे काम सोपे करतो : कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या आवृत्तीचे, हे एका फाईलमध्ये लिहिले की प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर तीच रचना उभी राहते.

अलगपणाही तितकाच आवश्यक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसली. सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. आपण कोणत्या यंत्रावर आहोत, याविषयीचा क्षणभराचा गोंधळ त्याला पुरेसा झाला. म्हणून चालू डेटाबेसचा पासवर्ड घरच्या संगणकावर ठेवू नये. डेटाबेसचे नाव व पासवर्ड प्रत्येक यंत्रावरील स्वतंत्र फाईलमध्ये असावेत आणि ती फाईल आज्ञावलीसोबत इतरांना पाठवू नये. चाचणीसाठी काल्पनिक नावे वापरावीत. लॅपटॉप चोरीला गेला, तर सभासदांचे खरे पत्ते व दूरध्वनी क्रमांक त्याच्यासोबत जाता कामा नयेत. झॅम्पमधील सुरक्षाही मुद्दाम सैल ठेवलेली असल्याने तो संच सार्वजनिक सर्व्हरवर वापरू नये.

या व्यवस्थेला आरंभी एखादा दिवस जातो. पण त्यानंतर होणाऱ्या चुका स्वतःच्याच संगणकापुरत्या राहतात, सभासदांच्या नोंदींपर्यंत पोहोचत नाहीत.