रामशास्त्री बाणा म्हणजे काय?



एखादा माणूस कुणाची भीड धरत नाही, कुणाचा पैसा घेत नाही, तेव्हा मोठी माणसे म्हणतात, "त्याचा रामशास्त्री बाणा आहे." आमच्या वर्गात काहीजणांना वाटले, हा धनुष्याचा बाण! पण बाणा म्हणजे काही झाले तरी न सोडायची वागण्याची रीत.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. ते काशीला जाऊन शिकले आणि पुण्याला पेशव्यांचे न्यायाधीश झाले. ते घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवत, असे सांगतात. माझी आजी म्हणते, "अन् पावणं आलं तर?" ते मला ठाऊक नाही.

माधवराव १७६१ साली पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचेच होते. ते फार वेळ जपतप करायला लागले. लोक कामासाठी वाड्यात खोळंबून राहायचे. मग शास्त्रीबुवा गेले आणि म्हणाले, मला काशीला जायची रजा द्या. जपच करायचा असेल तर तुम्हीपण चला. राज्य करायचे असेल तर रयतेचे काम हीच तुमची पूजा. माधवरावांनी ते ऐकले. पुढे त्यांनी वेठबिगारही बंद केली. ते १७७२ साली थेऊरला क्षयाने वारले. दौंडहून पुण्याला जाताना थेऊरचा फाटा लागतो.

गुरुजी म्हणाले, चीन देशातही असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ, राजाने उजाडायच्या आत कपडे घालावेत आणि अंधार पडल्यावर जेवावे. इतके काम!

आता आमच्या गावचे सांगतो. उन्हाळ्यात पाटाला पाणी आले. पाळी आमची होती, पण पाटकरी मामांचा सख्खा भाऊ म्हणाला, आधी माझ्या उसाला दे. मामा म्हणाले, "नंबर आल्यावर." दादांनी रात्रभर दारं धरली. आमचा कांदा जगला. पण तो भाऊ अजून मामांशी बोलत नाही. तेव्हा आजोबांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

रामशास्त्र्यांना तर याहून अवघड काम पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ते अठरा वर्षांचे होते. पत्रात 'धरावे'चे 'मारावे' केले, म्हणून 'ध चा मा' म्हणतात, ते याच वेळचे. त्यांचे सख्खे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. आता धन्यालाच गुन्हेगार कसे म्हणायचे? पण शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि तोंडावर सांगितले, याला देहान्त हेच प्रायश्चित्त. मग ते नोकरी सोडून पुण्यातून निघून गेले. रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर कारभाऱ्यांनी त्यांना परत बोलावले. पुढे १७८९ साली ते वारले.

– इयत्ता ४ थी