सेफाझोलिन की सेफ्ट्रायझोन?

नगरहून मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या कुत्रीची गर्भपिशवी काढायची आहे. डॉक्टर सेफ्ट्रायझोन देणार म्हणतात, नेटवर सेफाझोलिन दिसतं. चांगलं कुठलं?

दोन्ही सेफॅलोस्पोरिनच. सेफाझोलिन पहिल्या पिढीतलं, सेफ्ट्रायझोन तिसऱ्या. पिढी पुढची म्हणजे औषध भारी, असं आपल्याला वाटतं. पण कुत्र्याच्या जखमेत शिरणारा जंतू बहुतेकदा त्याच्याच कातडीवरचा असतो, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. आणि स्टॅफिलोकॉकसवर पहिली पिढीच जास्त चालते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने सेफ्ट्रायझोन जपून वापरायच्या 'वॉच' गटात ठेवलंय.

पण नावापेक्षा वेळ महत्त्वाची. १९६१ मध्ये बॉस्टनच्या जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचून पाहिले. अँटिबायोटिक आधी दिलं तर जखम किरकोळ राहिली. तीन तास उशीर झाला तर दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. म्हणून सेफाझोलिन चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून देतात, आणि ऑपरेशन लांबलं तर दीड-दोन तासांनी परत. टाके घातल्यावर 'असू दे' म्हणून पाच दिवस इंजेक्शनं देण्याला प्रतिबंधाच्या दृष्टीने फारसा आधार नाही. निरोगी कुत्रीच्या छोट्या, स्वच्छ ऑपरेशनला तर बऱ्याचदा अँटिबायोटिक लागतच नाही. (पिशवीत पू झाला असेल तर गोष्ट वेगळी, तो उपचार झाला.)

मग दोन औषधांची सरळ तुलना करून टाकावी की! इथेच घोडं अडतं. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय प्रबंधांत एका गटात सहा कुत्री, हे नेहमीचंच. सहापैकी एकालाही संसर्ग झाला नाही, तरी खरा धोका ३९ टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे 'दोन्ही औषधे सारखीच परिणामकारक' हा निष्कर्ष हवेतच. समजा एका औषधाने ५ टक्के आणि दुसऱ्याने ३ टक्के कुत्र्यांना संसर्ग होतो. हा फरक पकडायला प्रत्येक गटात साधारण १,५०० कुत्री लागतील. एका दवाखान्याचं हे काम नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीत आकडा गाठता येईल, पण परत गल्लीत सोडलेल्या कुत्रीची जखम तिसाव्या दिवशी कोण बघणार?

मैत्रिणीला म्हटलं, औषधाच्या नावावरून डॉक्टरांशी वाद घालू नकोस. अँटिबायोटिक लागणार आहे का, आणि लागणार असेल तर चीर देण्याआधी किती वेळ देणार, एवढं विचार. आणि महिनाभर जखमेवर लक्ष ठेव.