ऊन, उजेड आणि प्रकाशनलिका

दाटीवाटीने बांधलेल्या घरांत मधल्या खोलीला बाहेरची भिंत नसते. भर दुपारी बाहेर डोळे दिपविणारे ऊन असते आणि त्याच वेळी या खोलीत अभ्यासास बसलेल्या मुलाला दिवा लावावा लागतो. छपरावरचा प्रकाश अशा खोलीत आणून सोडणारे साधन म्हणजे प्रकाशनलिका. परंतु तिच्या परिभाषेचा अर्थ नीट न कळल्यास पैसे खर्चूनही अंधार तसाच राहण्याचा संभव असतो.

यातील पहिला भेद मराठीला नवा नाही. सूर्यापासून थेट येते ते ऊन; आकाशाने विखुरल्यावर आपल्यापर्यंत पोहोचतो तो उजेड. झरोक्यातून पडणारा कवडसा हा उन्हाचा तुकडा होय. तो सूर्याबरोबर सरकतो, डोळ्यांना त्रास देतो आणि खोली तापवितो. उजेड मात्र सौम्य असतो व सर्वत्र पसरतो.

दुसरा भेद मापनाचा आहे. दिव्यातून अथवा नलिकेतून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, हे ‘ल्यूमेन’ या एककाने सांगतात. तो पृष्ठभागावर पडल्यावर तेथे जे प्रदीपन होते, ते ‘लक्स’मध्ये मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक ल्यूमेन प्रकाश सारखा पसरला, की प्रदीपन एक लक्स होते. वाचणाऱ्याला महत्त्व आहे ते पुस्तकावरील लक्सचे.

बाहेर मोकळ्या आकाशाखाली जितके प्रदीपन असते, त्याच्या शेकडा किती भाग आतील मेजावर मिळतो, या प्रमाणास ‘दिनप्रकाश गुणांक’ म्हणतात. यात थेट ऊन धरीत नाहीत. भारतीय मानकात यासाठी स्वच्छ आकाश व क्षितिजापासून १५ अंश वर असलेला सूर्य गृहीत धरून बाहेरचे प्रदीपन ८००० लक्स मानले आहे. म्हणजे १ टक्का गुणांक ८० लक्सबरोबर होय. अभ्यासाच्या खोलीस १.९ टक्के गुणांक सुचविलेला आहे. तो सुमारे १५० लक्स होतो.

हा गुणांक तीन घटकांचा बनतो : खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचा, समोरच्या इमारतींवरून परावर्तित होणारा आणि खोलीच्या भिंती व छत यांवरून परावर्तित होणारा. मधल्या खोलीला खिडकीच नसल्यामुळे हे तिन्ही घटक जवळजवळ शून्य असतात. तेथेच नलिकेचे प्रयोजन आहे.

नलिकेचे मुख्य भाग तीन. छपरावरील पारदर्शक घुमट प्रकाश आत घेतो. आतून आरशासारखी चकचकीत असलेली नळी तो खाली नेते. आणि छताशी बसविलेला विसारक तो खोलीभर पसरवितो. विसारकामुळे कवडशाचे रूपांतर उजेडात होते.

नळीच्या आतील पृष्ठाचा ‘परावर्तनांक’ येथे निर्णायक ठरतो. तो ९८ टक्के असल्यास दहा परावर्तनांनंतर सुमारे ८२ टक्के प्रकाश उरतो; ८५ टक्के असल्यास अवघा २० टक्के. नळी जितकी लांब व अरुंद, सूर्य जितका तिरपा, तितकी परावर्तने अधिक. म्हणून लांबी व व्यास यांचे गुणोत्तर पाहावे आणि वळणे शक्य तितकी टाळावी.

नलिका ऊन व उजेड दोन्ही वाहून आणते. त्यामुळे निरभ्र दुपारी मोजलेले ल्यूमेन पाहून पावसाळ्यातील सायंकाळचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय नलिकेतून वारा येत नाही, बाहेरचे दृश्यही दिसत नाही. तेव्हा जेथे खिडकी शक्य आहे तेथे ती बुजवून नलिका बसविणे शहाणपणाचे नव्हे.

घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न थोडके आहेत : सांगितलेला आकडा ल्यूमेनचा की लक्सचा? तो उन्हातला की ढगाळ आकाशाखालचा? परावर्तनांक किती? नळी केवढी लांब? यांची उत्तरे मिळाली, म्हणजे मधल्या खोलीतील मुलाच्या पुस्तकावर दिवसा किती उजेड पडेल, हे आधीच ताडता येईल.