मातीवांचून हिरवा चारा

आष्टीकडच्या शेतकऱ्याला दुष्काळ म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. 2019 सालच्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांत जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. त्यांतील पुष्कळशा आष्टी तालुक्यांत होत्या. छावणींत गाय जगते, परंतु तिच्यापाशीं घरचें एक माणूस रात्रंदिवस अडकून पडतें. म्हणून दारांतल्या दारांत, थोड्या पाण्यावर हिरवा चारा होतो असें कोणी सांगितलें, तर तें पारखून पाहणें अवश्य आहे.

वनस्पति माती खात नाहीं. मातींतील क्षार पाण्यांत विरघळून मुळांवाटे तिच्या अंगीं लागतात. बाकीचा देह हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांतून घडतो. ते क्षार नुसत्या पाण्यांतून दिले तरी झाड वाढतें, हें जर्मनींतील साक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनीं 1860 च्या सुमारास दाखविलें. 1937 सालीं अमेरिकेंतील प्राध्यापक गेरिक यांनीं या विद्येला ‘हायड्रोपॉनिक्स’ हें नांव दिलें.

चाऱ्याला मात्र क्षारहि घालावे लागत नाहींत. आठवडाभर पुरेल इतकी शिदोरी दाण्यांतच असते. मका निवडून धुवावा, तरंगणारे दाणे काढून टाकावे, आणि तो दिवसभर भिजत घालून मग ओल्या गोणपाटांत बांधून ठेवावा. मोड आले कीं तळाला भोकें असलेल्या पसरट ट्रेमध्यें पातळ थर द्यावा व सावलींत दर दोन तासांनीं पाणी शिंपडावें. आठव्या दिवशीं वीतभर उंचीची हिरवळ उभी राहते व खालीं मुळांची चटई विणली जाते. औषध चोळलेलें बियाणें मुळींच वापरूं नये. तें जनावराच्या पोटांत जाईल. खरा शत्रु बुरशी. बुरशी आलेला ट्रे हळहळ न करितां फेकून द्यावा.

आतां हिशेब. किलोभर मक्यापासून पांच-सहा किलो चारा होतो, अशी जाहिरात असते, व ती खोटी नाहीं. पण वाढलेलें वजन पाण्याचें आहे! मक्यांत नऊशें ग्रॅमच्या आसपास कोरडा अंश असतो. चाऱ्यांत तो सातशेंच्या घरांत उतरतो, कारण कोंब वाढतांना दाण्याचा सांठा खर्ची पडतो. किलोभर चाऱ्यास दोन-तीन लिटर पाणी पुरतें, हेंहि खरें. मात्र त्या मक्यानें कोठल्या तरी दुसऱ्या शेतांत आपलें पाणी आधींच पिऊन घेतलेलें असतें, हें जाहिरातदार सांगत नाहींत.

मग लाभ कोणता? रानांत काडी हिरवी नसतांना गाईला पचायला हलका, जीवनसत्त्वयुक्त ओला घांस मिळतो, व कोरडा कडबाहि ती आवडीनें खाते. गोव्यांतील भारतीय कृषि संशोधन परिषदेच्या केंद्रांत मक्याच्या अशा चाऱ्यावर प्रयोग झालेले आहेत. महागड्या यंत्राच्या मोहांत लहान शेतकऱ्यानें पडूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. बांबूचा मांडव व शेडनेट यांवर काम भागतें. मका फार महाग असेल त्या वर्षीं त्याचा भरडाच घातलेला बरा. चारा करावयाचाच तर दुभत्या गाईस दिवसाकाठीं दहा किलोपर्यंत, मुळांसकट, कडब्याच्या कुट्टींत मिसळून द्यावा, आणि पहिल्या आठवड्यांत थोड्या थोड्या प्रमाणानें वाढवीत न्यावा.