गेलेल्या खेळाडूंची आठवण

आपल्या नागनाथाच्या देवळावरील शिल्पे कोणी कोरली, हे आपण जाणत नाही. परंतु शिल्पे आपल्यासमोर आहेत. खेळाडूची गोष्ट याच्या नेमकी उलट असते. त्याने टाकलेला चेंडू किंवा मारलेला डाव त्याच संध्याकाळी संपतो. मागे राहिले तर केवळ नाव राहते, आणि तेही कोणी राखले तरच. म्हणून दिवंगत खेळाडूंचे स्मरण कशाने टिकते, याचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण घेऊ. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्यासाठी दरमहा चार रुपयांवर होता. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकणे हेही त्याचे काम. त्यातून एक असामान्य डावखुरा गोलंदाज तयार झाला. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गरज पडली. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली की बाळूचा चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या पेल्यात! १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला, तेथे बाळूंनी ११४ बळी मिळवले. एवढे करूनही हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. ४ जुलै १९५५ रोजी बाळू वारले.

आता पाहा, ११४ हा आकडा धावपत्रिकेने जपला; मातीचा पेला ती जपू शकत नाही. त्यासाठी माणसाने लिहावे लागते. विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी पुस्तक लिहिले. पुढील अभ्यासकांना त्याचा मोठा आधार मिळाला, आणि विस्मृतीत गेलेले बाळू पुन्हा लोकांसमोर आले.

परंतु कित्येकदा आकडाही जपला जात नाही. अमेरिकेत बेसबॉल हा धंदेवाईक खेळ. तेथे थोर खेळाडूंच्या स्मरणार्थ कूपर्सटाऊन या गावी १९३९ पासून कीर्तिमंदिर उभे आहे. पण १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत मज्जाव होता. ते आपल्या निराळ्या संघांत खेळत. त्यांतला जॉश गिब्सन हा विख्यात फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला, आणि अवघ्या तीन महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनसाठी ते दार उघडले. जुनी वर्तमानपत्रे चाळून त्या सामन्यांचे हिशेब संशोधकांनी जुळवले, तेव्हा २०२४ साली ते अधिकृत नोंदीत आले आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेला. मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

आपणही फार वेगळे वागलो नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतील कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मेल्यावर हार घालणे सोपे असते; हयातीत दखल घेणे कठीण.

यातून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, स्मरण ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. ते एक काम आहे. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो नामदेवांच्या अभंगांमुळे. आणि नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या गावोगावी तालमी झाल्या, हुतुतूचे संघ झाले. त्यांतले गडी कोण, कोणत्या साली, कोणाशी खेळले, पोटासाठी काय करीत, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून एका वहीत हे उतरवून घ्यावे. ती माणसे गेली की आकडाही जाईल, आणि मातीचा पेलाही.