जोबोला मिनिटं कोण सांगणार?

‘फिल्मकडे परत वळलेल्या तरुणांवर लिही,’ असं संपादकांनी सांगितलं होतं. त्या शोधात पुण्यातल्या एका काकांकडे पोचलो आणि तरुण बाजूलाच राहिले. काकांच्या घरी न्हाणीघरालगतच्या खोलीत एक जर्मन यंत्र आहे. पाण्याने भरलेली लांबट कुंडी, तिच्यात आडवा पडून फिरणारा काळा ड्रम, बाजूला रसायनांच्या बाटल्या. ड्रम काही फेरे एका दिशेने घेतो, क्षणभर थबकतो, मग उलटा फिरतो. आत फोर बाय फाइव्ह इंची फिल्मच्या दहा शीट असतात. काका स्टूल ओढून घड्याळ हातात धरून बसतात. नाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट.

यंत्राचा इतिहास थोडक्यात उरकतो. जर्मनीतल्या गुमर्सबाख इथे योहानेस बोकेम्यूल यांनी १९२३ मध्ये कंपनी काढली आणि स्वतःच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘जोबो’ म्हटलं. काकांकडचं मॉडेल सीपीपी-२, सेकंडहँड. यातल्या ‘सीपी’चा अर्थ कलर प्रोसेसर, आणि सगळी गोम तिथेच आहे. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३८ अंश सेल्सियस आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. फिल्म कोणत्याही कंपनीची असो, आकडा तोच. तिथे कठीण असतं ते तापमान धरून ठेवणं, आणि ते काम हे यंत्र चोख करतं. कृष्णधवल फिल्मला असा एकच आकडा नाही. फिल्म बदलली, डेव्हलपर बदलला, तो किती पातळ केला ते बदललं की मिनिटं बदलतात. यंत्र तापमान राखेल, ड्रम एका लयीत फिरवेल, पण किती वेळ फिरवायचं ते सांगणार नाही.

“डब्याच्या पाठीवर वेळ छापलेली असते ना?” मी विचारलं.

“असते की. पण ती हाताने टाकी हलवणाऱ्याची,” काका म्हणाले. “तो दर मिनिटाला थोडं हलवतो आणि टाकी खाली ठेवतो. हा पठ्ठ्या थांबतच नाही.”

टाकी स्थिर असते तेव्हा फिल्मच्या उजळ भागांजवळचा डेव्हलपर लवकर दमतो, त्यातून सुटलेलं ब्रोमाइड तिथेच रेंगाळतं आणि ते भाग आपोआप जरा आवरले जातात. सावल्यांजवळचा डेव्हलपर मात्र ताजाच असल्याने त्या सावकाश भरत राहतात. ड्रम सतत फिरत असला की दमलेलं द्रावण लगेच वाहून जातं आणि नवं येतं. उजळ भाग मोकाट सुटतात, कॉन्ट्रास्ट चढतो. म्हणून वेळ कमी करायची. इल्फर्डचा सल्ला १५ टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आहे, म्हणजे १० मिनिटांची साडेआठ. जोबोचा सल्ला वेगळा: आधी पाच मिनिटं ड्रममध्ये नुसतं पाणी फिरवा, मग हाताच्या टाकीचीच वेळ चालेल. यावर इल्फर्ड म्हणते, रोटरी यंत्रात आधी पाणी फिरवूच नका, डेव्हलपिंग असमान होऊ शकतं. एक फिल्म बनवणारा, दुसरा यंत्र बनवणारा, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. काका पाणी फिरवतात. त्यांच्या शीटवर कधी डाग आले नाहीत, एवढंच त्यांचं समर्थन. मला ते पुरेसं वाटलं.

वेळ शोधायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये इंग्लंडात दाखवून दिलं की फिल्मवर पडलेला प्रकाश आणि तिथे जमलेला काळेपणा यांचं नातं आलेखावर रेघेने मांडता येतं. काका अजून तीच रेघ काढतात, आलेखाच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीने. त्यांच्याकडे २१ पायऱ्यांची पट्टी आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा ०.१५ घनतेने गडद, म्हणजे अर्ध्या स्टॉपचा फरक. अंधारात ती पट्टी शीटवर दाबून ठेवायची, एन्लार्जरचा मोजका प्रकाश द्यायचा आणि शीट धुवायची. अशा पाच शीट, पाच वेळा: ४, ५.५, ८, ११ आणि १६ मिनिटं. मग डेन्सिटोमीटरवर प्रत्येक पायरीची घनता मोजून पाच रेघा काढायच्या. जितका वेळ जास्त, तितकी रेघ उभी. कुठल्या वेळेला किती चढ येतो याचा आणखी एक आलेख काढला की हव्या त्या चढाची मिनिटं त्यावरून वाचता येतात. चढ किती हवा, हे आपण कशावर आणि कशी प्रिंट काढतो त्यावर ठरतं. काका ०.६ च्या आसपास धरतात.

ट्रेमध्ये हे काम सोपं जातं: पाचही शीट एकदम टाका आणि वेळ होईल तशी एकेक बाहेर काढा. बंद ड्रममध्ये तशी सोय नाही. मध्येच झाकण उघडलं तर उरलेल्या शीट गेल्या. म्हणून पाच वेळांसाठी यंत्र पाचदा चालवायचं, आणि दर वेळी ड्रम धुऊन पार कोरडा करायचा. आत थेंब राहिला तर पुढची शीट घालताना चिकटते. झाकण इतकं घट्ट बसतं की ते काढायला पायपंपाने ड्रममध्ये हवा भरावी लागते.

इथे काकांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आलंच नसतं. दहा शीटच्या ड्रममध्ये चाचणीची एकच शीट फिरवली तर सगळा डेव्हलपर तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. तो ताजाच राहतो आणि आकडा खोटा निघतो. पुढे दहा भरलेल्या शीटना तीच वेळ दिली की निगेटिव्ह फिकी येतात. म्हणून चाचणीच्या शीटसोबत काका नऊ टाकाऊ शीट घालतात, जुन्या, मुदत संपलेल्या, थोडा प्रकाश दाखवलेल्या. “जेवायला दहा जण येणार असतील तर अंदाजही दहा जणांच्या पंक्तीवरच घ्यायचा,” ते म्हणाले.

आता अडचणी. त्यांची यादी मी मागितली नव्हती.

पहिली अडचण द्रावणाची. दहा शीटच्या ड्रमला फिल्म भिजवायला २१० मिलिलिटर पुरतं. पण कोडॅकच्या एक्सटॉलला ८० चौरस इंच फिल्ममागे किमान १०० मिलिलिटर मूळ द्रावण लागतं. फोर बाय फाइव्हच्या दहा शीट म्हणजे २०० चौरस इंच, म्हणजे मूळ द्रावण २५० मिलिलिटर, आणि तितकंच पाणी घालून वापरायचं तर ५००. ड्रमवरचा आकडा बघून काटकसर करणाऱ्याची फिल्म उपाशी राहते. उलट एक लिटरच्या वर भरलं तर मोटरवर ताण.

दुसरी, हवेची. अर्धवट भरलेला ड्रम फिरत असताना डेव्हलपर सतत हवेशी घुसळला जातो. पायरोसारखे डेव्हलपर यात लवकर मरतात. काही जण अर्ध्या वाटेत ते ओतून टाकून ताजं भरतात. काकांनी पायरोचा नादच सोडला.

तिसरी अडचण आपल्या हवेची, आणि ती जर्मन माहितीपुस्तकात सापडणार नाही. यंत्र पाणी तापवतं. गार करायला त्याला नळाचं गार पाणी जोडावं लागतं. गुमर्सबाखच्या नळाला ते असेल. कृष्णधवल फिल्मला नेहमी २० अंश धरतात; पुण्यात मे महिन्यात टाकीतून येणारं पाणी तेवढं गार कुठून असणार? बर्फाच्या बाटल्या कुंडीत सोडल्या तर तापमान खाली येतं, पण एका जागी ठरत नाही, आणि ते ठरत नसेल तर यंत्र घेऊन काय मिळवलं? काकांचा तोडगा असा: उन्हाळ्यात २० चा हट्ट सोडायचा, खोली एसीवर ठेवून २४ अंशांवर काम करायचं. गरम डेव्हलपर जलद चालतो, म्हणजे वेळ आणखी आखडते. पाच मिनिटांखाली गेली की द्रावण ओतण्या-काढण्यातले काही सेकंदही निगेटिव्हवर दिसू लागतात. म्हणून डेव्हलपर आणखी पातळ करायचा आणि चाचणी पहिल्यापासून. पाच शीट, पाच फेऱ्या, पंचेचाळीस टाकाऊ शीट. एका ताज्या शीटची किंमत शेकड्यांच्या घरात आहे, हे लक्षात घेतलं की त्यांच्या वहीत हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं पान वेगळं का, ते कळतं.

त्या वहीतली मिनिटं मी इथे मुद्दाम देत नाही. ती त्यांच्या पाण्याची, त्यांच्या थर्मामीटरची आणि त्यांच्या कागदाची आहेत. दुसऱ्याच्या घरी ती सुरुवातीचा अंदाज म्हणून चालतील, उत्तर म्हणून नाही. आयता आकडा मागायला येणाऱ्या तरुणांना काका चहा देतात, पट्टी उसनी देतात, आकडा देत नाहीत. मला हे बरोबर वाटतं.

शेवटची अडचण मात्र वहीने सुटणारी नाही. जुन्या ड्रमचे रबरी सील कडक होतात, झाकणं तडकतात, आणि सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणाचा बंद पडलेला स्टुडिओ किंवा कलर लॅब असेल, तर माळ्यावर एकदा नजर टाका. बुडाला चुंबक असलेला काळा प्लॅस्टिकचा ड्रम सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. मासिकाच्या पत्त्यावर कळवा. घेणारा माणूस पुण्यात आहे.